पूर्ण नाव सांगा: रुम्माना हुसेन आणि १९९३ची मुंबई

आजच्या भागात एक बाई आहे. ती लोकांसमोर चालतेय. तिचं तोंड उघडं आहे, किंकाळी फोडताना उघडावं तेवढं, पण आवाज येत नाहीये. ऐकू येतात ती फक्त पायातली घुंगरं. हातात अर्धी कापलेली पपई. साल १९९५, ठिकाण मुंबई, नरिमन पॉइंटचं एनसीपीए. बाईचं नाव रुम्माना हुसेन.

"हे काय चाललंय?" असं वाटलं असेल, तर थांबा. मीही पहिल्यांदा या कामाचा फोटो बघितला तेव्हा मोबाइल आडवा-उभा करून बघत बसले होते. पपई का? तोंड उघडं का? आणि उघडं आहे तर ही बाई बोलत का नाही? आजचा सगळा भाग या तीन प्रश्नांचा आहे. उत्तरासाठी आपल्याला मुंबईला जायचंय, थोडं लखनौला, थोडं न्यूयॉर्कला, आणि मधेच माझ्या गावाला, म्हणजे गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला.

आधी एक शब्द समजून घेऊ. परफॉर्मन्स आर्ट. नाटकात नट दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घेतो. पडदा पडला की रंग पुसतो आणि चहा प्यायला जातो. परफॉर्मन्स आर्टमध्ये कलावंत स्वतःचंच शरीर, स्वतःचंच नाव घेऊन समोर येतो. कथा नसते, संवाद बहुतेक वेळा नसतात. आणि 'कॉन्सेप्चुअल' म्हणजे काय, तर कल्पना महत्त्वाची, हाताने घडवलेली सुबक वस्तू नंतर. विकत घेऊन भिंतीवर टांगावं असं शेवटी काही उरेलच याची खात्री नाही.

आमच्याकडे शिमग्यात संकासुर येतो. काळे कपडे, काळा मुखवटा, कमरेला घुंगरं. लहान पोरं घाबरून आईच्या पदराआड लपतात. पण आत कोण आहे हे वाडीतल्या मोठ्यांना पक्कं ठाऊक असतं. नाच संपला, मुखवटा उतरला, की तो पुन्हा आपला नेहमीचा माणूस. आता असा विचार करा की मुखवटा तुम्ही घातलेलाच नाही. तो लोकांनी तुमच्यावर चढवलाय. आणि तो तुम्हाला उतरवताही येत नाही. रुम्माना हुसेनची गोष्ट इथून सुरू होते.

तिचा जन्म १९५२चा, बंगळूरचा. घराणं अवधचं, लखनौकडचं. वडील मेजर जनरल इनायत हबीबुल्ला, भारतीय लष्करातले. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए आहे ना? १९५५मध्ये तिथलं काम सुरू झालं तेव्हा तिचे कमांडंट हेच. आई हमीदा हबीबुल्ला उत्तर प्रदेशच्या राजकारणात. भाऊ वजाहत हबीबुल्ला आयएएस झाले, आणि २००५मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा देशाचे पहिले मुख्य माहिती आयुक्त. म्हणजे देशाच्या कारभारातच मुरलेलं घर. रुम्माना सत्तरच्या दशकात इंग्लंडला कला शिकली, परत आली, चित्रं काढू लागली. कॅनव्हास, रंग, माणसांच्या आकृत्या. नंतर मुंबईत राहू लागली.

अशा बाईला "तुम्ही कोण?" हा प्रश्न रोज उठून पडत नसावा. पडायची गरजही नसते. ज्याला आपली ओळख सारखी सिद्ध करावी लागत नाही, तो नशीबवान.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याच रात्रीपासून मुंबई पेटली. डिसेंबरमध्ये एक फेरी झाली, जानेवारी १९९३मध्ये दुसरी, आणि ती जास्त भयंकर होती. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नंतर हिशेब मांडला: दोन्ही महिने मिळून ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळखच पटली नाही, आणि ५ इतर. पुढे १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, त्यात २५७ गेले.

यातल्या त्या ४५ जणांवर मी नेहमी अडखळते. माणसं मारली गेली ती ओळखीवरून, आणि शेवटी काहींची ओळखच लागली नाही.

त्या दिवसांत मुंबईत एक गोष्ट घरोघरी झाली. दारावरच्या पाट्या उतरल्या. इमारतीच्या खाली जो नावांचा फळा असतो, त्यावरची काही नावं पुसली गेली. श्रीमंत वस्ती, गरीब वस्ती, दोन्हीकडे. कारण जमाव आला की तो चेहरा बघत नव्हता, चेहऱ्यावरून कळतं कुठे? तो नाव बघत होता. अमेरिकेत वंश म्हटला की कातडीचा रंग डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे ते काम बरंचसं आडनाव करतं.

आता मी वेळणेश्वरात बसून हे का सांगतेय? कारण ती जानेवारी इथपर्यंत आली होती. एसटीने आली होती. कोकणातला चाकरमानी गावाला येतो तो गणपतीला आणि शिमग्याला, ही आपली घटना आहे, घटनेत लिहिलेली नसली तरी. त्या वर्षी माणसं अवेळी आली. ना सण, ना लग्न. माझा काका तेव्हा लालबागला राहायचा. मी तर जन्मलेही नव्हते, पण त्याच्याकडून हे इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. परळहून सुटलेली गाडी, दाटीवाटी, बायका-पोरं, बोचकी. काका म्हणतो, "एरवी एसटीत बसलं की पनवेल यायच्या आत शेजारच्याचं गाव, वाडी, घर, सगळं कळतं. त्या रात्री कुणी कुणाला नाव विचारलं नाही." गाडीत खाडीपट्ट्यातले मुसलमान होते, आमच्याकडचे कुणबी होते, भंडारी होते. सगळ्यांना माहीत होतं की विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. म्हणून शांतता. पहाटे चिपळूणला कुणीतरी चहा मागवला आणि तो सगळ्यांनी घेतला, एवढंच.

मला ही शांतता आणि रुम्मानाची ती उघड्या तोंडाची शांतता एकाच जातीच्या वाटतात.

तर, रुम्माना. दंगलीनंतर तिची चित्रं बदलली. खरं तर चित्रंच मागे पडली. १९९३मध्ये ती फुटकी मातीची मडकी घेऊ लागली, आरशाचे तुकडे, गेरू, नीळ. मडकं म्हणजे घरातली वस्तू, पोटासारखी गोल. अर्धं फुटलेलं मडकं पालथं घातलं की घुमट दिसतो. शेजारी आरसा ठेवला की फुटलेलं क्षणभर पूर्ण दिसतं, आणि बघणाऱ्याचा चेहराही त्यात येतो. बघा, केवढं सांगून झालं! मशिदीचा घुमट, बाईचं पोट, घरातलं मडकं, आणि आरशात तुम्ही. पाडलं काय, फुटलं काय, आणि बघत कोण उभं होतं?

हे साहित्य आपल्या ओळखीचं आहे. कोकणात जोत्याला आणि तुळशीवृंदावनाला गेरू लावतात. नीळ आजीच्या काळापासून पांढऱ्या धोतरांना. पपई तर परसात आपोआप उगवते, कुणी लावायलाही लागत नाही. आणि पपईबद्दल आपल्याकडे काय म्हणतात? पोटुशी बाईने खाऊ नये. म्हणजे पपईचं आणि गर्भाशयाचं नातं आपल्या बायकांच्या बोलण्यात आधीपासून आहे. पपई उभी चिरा आणि आत बघा. लाल-केशरी पोकळी, काळ्या बियांनी भरलेली. मोठ्याने उघडलेल्या तोंडासारखीही दिसते, जखमेसारखीही, आणि पालथी घातली तर पुन्हा घुमटासारखी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं.

१९९५च्या त्या परफॉर्मन्सला तिने नाव दिलं होतं 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स'. परिघावरचं जगणं म्हणू. वहीत समास असतो ना, ज्यात लिहायचं नसतं, तिथलं जगणं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या परफॉर्मन्स कामांमध्ये ते मोजलं जातं. ती चालते. तोंड उघडं. आता विचार करा, ती बोलली असती तर काय झालं असतं? आपण लगेच ठरवलं असतं: ही अमुक बाजूची, ही तमुक बाजूची. पटलं असतं तर टाळ्या, नाही पटलं तर वाद. तिने शब्दच दिले नाहीत, त्यामुळे बाजू घ्यायला जागा उरली नाही. उरलं ते एक शरीर आणि त्याची न निघालेली किंकाळी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, असं मला वाटतं. दंगलीत ज्यांनी आवाज दाबून रात्री काढल्या, त्यांचा आवाज आणायचा तर तो असाच आणावा लागतो.

पुढच्या वर्षी, १९९६मध्ये, 'होम/नेशन'. घर आणि राष्ट्र. त्यात अयोध्येतल्या कमानींचे फोटो आहेत, बायकांच्या उघड्या तोंडांचे फोटो आहेत, चिरलेली पपई आहे. कमान आणि तोंड शेजारी शेजारी. दोन्ही दारंच की. दुसऱ्या प्रश्नाचं, तोंड उघडं का, याचं उत्तर इथे सापडतं. तोंड हे दार आहे: कुणी बाहेर येऊ शकतं, कुणी आत घुसूही शकतं. ज्यांच्या दारावरची पाटी उतरली, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१९९७मध्ये ती लखनौकडे वळली. काम होतं 'बेगम हजरत महलची कबर'. मला सांगा, १८५७ म्हटलं की तुम्हाला कोण आठवतं? झाशीची राणी, आपल्या तांब्यांची मनू. बरोबर. तात्या टोपे, नानासाहेब. बेगम हजरत महल किती जणांना आठवली? अवधच्या नवाबाला इंग्रजांनी कलकत्त्याला पाठवून दिलं, तेव्हा ही लखनौत मागे राहिली. आपल्या लहान मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवून तिने लढाई चालवली. इंग्रजांपुढे झुकली नाही, शेवटी नेपाळात आश्रय घेतला आणि १८७९मध्ये काठमांडूत वारली. शाळेच्या पुस्तकात तिच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. रुम्मानाने तिला कबर दिली, आणि बेगमेच्या जागी स्वतःला उभं करून फोटो काढले. म्हणजे इतिहासातल्या एका बाईचं नाव पुसट झालंय, तर मी माझं शरीर तिला उसनं देते. शिवाय एक जाब: १९९३मध्ये ज्यांना "तुमचं इथे काय आहे?" विचारलं गेलं, त्यांचं १८५७मध्ये इथे काय होतं ते बघा.

आता जरा न्यूयॉर्कला जाऊ. तिकडची एड्रियन पायपर नावाची एक कलावंत, जन्म १९४८, नंतर हार्वर्डमधून तत्त्वज्ञानात पीएचडी. कृष्णवर्णीय कुटुंबातली, पण रंग इतका उजळ की लोकांना ती गोरीच वाटायची. मग पार्टीत तिच्यासमोर लोक काळ्यांवरचे विनोद बिनधास्त करायचे. १९८६मध्ये तिने काय केलं? व्हिजिटिंग कार्डं छापली. कुणी तसं काही बोललं की ती गुपचूप कार्ड हातात द्यायची. त्यावरचा मजकूर अगदी सभ्य. मी कृष्णवर्णीय आहे, तुम्ही आत्ता जे बोललात ते बोलताना तुम्हाला हे माहीत नसणार, आणि माझ्या असण्याने तुमची पंचाईत झाली असेल तर क्षमा करा, कारण तुमच्या बोलण्याने माझीही झालीय. अशा अर्थाचं काहीतरी. कार्ड हातात पडल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं, ते तिचं कलाकृतीचं साहित्य.

पायपर आणि रुम्माना, दोघींचा पेच एकच आहे. चेहऱ्यावरून ओळख दिसत नाही. एकीला ती कार्डावर छापून द्यावी लागली, दुसरीच्या शहरात ती पाटीवरून खरवडून काढावी लागली. दोघींनीही स्वतःवरचं ओझं उचलून बघणाऱ्याच्या हातात ठेवलं: हे घ्या, हे तुमचं आहे, तुम्हीच सांभाळा.

पण यात एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे गेले तर हा भाग अप्रामाणिक होईल. मी रुम्मानाची गोष्ट सांगताना तिला 'मुस्लिम कलावंत' म्हटलं, की मी पुन्हा तीच पाटी तिच्या दारावर ठोकतेय का? पायपरने या प्रश्नावर टोकाची भूमिका घेतली. २०१३मध्ये न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय कलावंतांच्या परफॉर्मन्स कामांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. तिने त्यातून आपलं काम काढून घेतलं. वेगळ्या खोलीत एकत्र मांडण्यापेक्षा सगळ्यांच्या बरोबरीने मांडा, असा तिचा मुद्दा होता. यावर वाद झाला, आणि व्हायलाच हवा. कारण दुसरी बाजूही खरी आहे. वेगळं मांडल्याशिवाय ही कामं कुणी बघितलीच नसती.

रुम्मानाने उत्तर दिलं नाही, तिने प्रश्नच समोर मांडले. १९९८च्या परफॉर्मन्सचं नावच 'इज इट व्हॉट यू थिंक?' तुम्हाला वाटतंय तेच आहे का हे? तोपर्यंत तिला स्तनांचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतरचं शरीर तिने त्या कामात लपवलं नाही. आणि बसून एका बाईबद्दल प्रश्न वाचले. ती कुठली, ती काय मानते, ती बुरख्यात आहे ती कुणाच्या सांगण्यावरून की स्वतःच्या मर्जीने, अशा धर्तीचे. मुसलमान बाई म्हटल्यावर आपल्या मनात जे जे येतं पण आपण तोंडावर विचारत नाही, ते सगळं. उत्तरं मात्र नाहीत. ऐकणाऱ्याला कळत जातं की या प्रश्नांमधून त्या बाईबद्दल काहीच समजत नाहीये, विचारणाऱ्याबद्दल मात्र सगळं समजतंय.

५ जुलै १९९९ला ती गेली. वय ४७. त्याच सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात तिचं शेवटचं मोठं काम मांडलं गेलं, 'अ स्पेस फॉर हीलिंग'. बरं होण्याची जागा. थोडी इस्पितळासारखी, थोडी दर्ग्यासारखी खोली. भिंतीवर गंजलेली अवजारं अशी लावली होती की लांबून ती लिपी वाटावी. जवळ गेलं की फक्त लोखंड. वाचता येत नाही. ती सहा वर्षं हेच सांगत होती: लांबून वाचू नका, जवळ या.

आता आपल्याकडे. मुंबईला नावं ठेवून मी वेळणेश्वरच्या वाळूत पाय सोडून बसले, असं नको व्हायला. कोकणात अनोळखी पोरगं रस्त्यात भेटलं की म्हातारी माणसं विचारतात, "कुठल्या वाडीतला रे तू?" किती प्रेमळ प्रश्न. पण वाडी सांगितली की जात सांगून होते, कारण आपली गावं तशीच वसलीत. अमुकवाडी, तमुकवाडी, बाजूला मोहल्ला, आणि गावाच्या कडेला, परिघावर, कोण, हे तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. कागदावर नावं बदलली म्हणून विचारण्यातला सूर बदलेल का, ते तुम्हीच आपापल्या गावात बघा.

आणि फोनवरही. खोली भाड्याने शोधताना समोरचा म्हणतो, "पूर्ण नाव पाठवा." रिक्षावाल्याचं नाव ॲपवर आधी दिसतं, गाडी नंतर. पुण्यात मी आणि माझी मैत्रीण खोली शोधत होतो. माझं आडनाव सांगितलं तोवर खोली रिकामी होती. तिचं सांगितलं आणि ती पाच मिनिटांत भरली. मैत्रीण हसली. म्हणाली, "चल, पुढची बघू." तिचं ते हसू मला रुम्मानाच्या उघड्या तोंडाइतकंच मोठं वाटलं होतं.

परफॉर्मन्स आर्टचा एक स्वभाव असतो: झालं की संपलं. मोबाइल नव्हते, रील नव्हतं. आज आपल्याकडे आहेत ते काही फोटो, थोडं चित्रीकरण आणि बघितलेल्यांच्या आठवणी. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली. १९९३ आकड्यांत वाचता येतं, अहवालात वाचता येतं, आणि वाचायलाच हवं. पण दारावरची पाटी उतरवताना हात कसा होतो, ते अहवालात नसतं. त्यासाठी एक बाई तोंड उघडून, गप्प, लोकांमधून चालत गेली.

या आठवड्यात एकच काम करा. घरात, चाळीत, गावात जे कुणी त्या जानेवारीत मुंबईत होते, त्यांना विचारा: तेव्हा तुम्ही कुठे होतात, आणि तुमच्या दारावर पाटी होती का? आणि ते गप्प बसले तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. थोडं थांबा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.